ड्रेनमधून वर आलेलं पाणी आणि कॅनडातल्या भाडेकरूचा विमा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोरांटोजवळच्या मिसिसागात एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा एक विद्यार्थी. मुसळधार पावसाच्या रात्री बाथरूमच्या फरशीतल्या ड्रेनमधून काळं पाणी वर आलं आणि खोलीभर पसरलं. गादी, लॅपटॉप, पुस्तकं, कपड्यांच्या बॅगा, सगळं गेलं. टेनंट इन्शुरन्स आहे आणि पहिल्याच पानावर ‘वॉटर डॅमेज’ समाविष्ट असल्याचं छापलंय. फोन केला तर कंपनीकडून उत्तर मिळालं, ‘तुमच्याकडे फ्लड कव्हर नाही.’ घरमालक म्हणतो, ‘माझा विमा घराचा आहे, तुझ्या सामानाचा नाही.’ दोघांतलं खरं कोण बोलतंय? आणि जाता जाता विचारलंय की रूममेटचाही लॅपटॉप भिजला, तो याच पॉलिसीत बसेल का?

मी याच ओंटारिओ प्रांतात बरीच वर्षं विमा ब्रोकर म्हणून काम करतोय. माझ्याकडे येणाऱ्या पाण्याच्या क्लेममध्ये बेसमेंटच्या भाडेकरूंचे क्लेम सगळ्यात गुंतागुंतीचे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरमालक विम्यापुरतं खरं बोलतोय. कंपनीच्या माणसाने बहुधा वेगळ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलंय. तुमची पॉलिसी माझ्यासमोर नाही, त्यामुळे पैसे मिळतीलच असं मी सांगू शकत नाही. पण तुम्ही वर्णन केलंय तो प्रकार विम्याच्या हिशेबात फ्लड नाही. तो सूअर बॅकअप (sewer backup), म्हणजे गटाराचं पाणी उलटं घरात येणं आहे, आणि पॉलिसीत त्याचं कलम वेगळं असतं.

पाण्याच्या क्लेममध्ये किती पाणी आलं हे नंतर बघतात. आधी बघतात ते कुठून आलं. समजा एकाच रस्त्यावर, एकाच रात्री तीन बेसमेंटमध्ये घोटाघोटा पाणी साचलं. पहिल्या घरात ते फरशीतल्या ड्रेनमधून वर आलं. दुसऱ्या घरात रस्त्यावरचं पाणी अंगणातून वाहत आलं आणि जमिनीलगतच्या खिडकीतून आत पडलं. तिसऱ्या घरात भिंतीच्या तड्यातून जमिनीतलं पाणी हळूहळू झिरपलं. तिघांचं सामान सारखंच भिजलं, तरी विम्याच्या कागदावर ही तीन वेगळी नुकसानं आहेत. पहिलं सूअर बॅकअप, दुसरं ओव्हरलँड वॉटर म्हणजे ज्याला लोक फ्लड म्हणतात ते, आणि तिसरं ग्राउंडवॉटर. एखाद्याकडे पहिलं कव्हर असेल आणि दुसरं नसेल, हे अगदी नेहमीचं आहे. तिसरं तर बऱ्याच पॉलिसींमध्ये मिळतच नाही.

मग पहिल्या पानावरचं ‘वॉटर डॅमेज’ काय आहे? ते बहुतेक वेळा घराच्या आतल्या पाण्यापुरतं असतं. नळाचा पाइप अचानक फुटला, वॉशिंग मशीनची नळी सुटली, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा टब भरून वाहिला, तर ते. अट एकच, घटना अचानक घडलेली हवी. सिंकखाली सहा महिने थेंब थेंब गळत होतं आणि कपाट कुजलं, तर कंपनी त्याला देखभालीचा प्रश्न म्हणते आणि बाजूला होते. बाहेरच्या गटारातून उलटं आलेलं पाणी आणि जमिनीवरून आत आलेलं पाणी या मूळ कव्हरमधून सहसा वगळलेलं असतं. मग पुरवणी घेऊन, म्हणजे एन्डोर्समेंट लावून, ते परत आत आणायचं. ही पुरवणी काही पॅकेजमध्ये आधीच घातलेली असते, काहींत मागून घ्यावी लागते, आणि काही पत्त्यांना कंपनी ती देतच नाही. एका पत्त्यावर आधी असा क्लेम झाला असेल तर नव्या भाडेकरूलाही नकार मिळालेला मी पाहिलाय. बिचाऱ्याचा त्यात काही संबंध नसतो, पण कंपनी माणूस बघत नाही, पत्ता बघते.

ड्रेनमधून पाणी उलटं येतंच कसं, हे नीट कळलं की क्लेमचं निम्मं काम सोपं होतं. घरातलं सांडपाणी उताराने रस्त्याखालच्या गटारवाहिनीत जातं. टोरांटोच्या जुन्या भागांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच वाहिनीतून जातं. नव्या वस्त्यांत दोन्ही वाहिन्या वेगळ्या असतात, पण तिथेही तडे, चुकीच्या जोडण्या आणि मॅनहोलमधून पावसाचं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत शिरतं. थोड्या वेळात फार पाऊस पडला की वाहिनी तुडुंब भरते, पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही आणि ते घराकडे परत फिरतं. घरात शिरताना ते सगळ्यात खालचं तोंड शोधतं. ते तोंड म्हणजे बेसमेंटमधला फ्लोअर ड्रेन, शॉवर किंवा कमोड. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकाचा गालिचाही भिजत नाही आणि खालच्या भाडेकरूचा संसार पाण्यात जातो, त्याचं कारण हे आहे.

८ जुलै २०१३ ला टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर एका दिवसात १२६ मिलिमीटर पाऊस झाला. १९५४ च्या हरिकेन हेझलच्या वेळचा विक्रम त्याने मोडला. त्याआधी काही आठवडे कॅलगरीत मोठा पूर येऊन गेला होता. तोवर कॅनडात सूअर बॅकअपची पुरवणी मिळत होती, पण जमिनीवरून आलेल्या पाण्याचं कव्हर सामान्य घराला जवळजवळ कुठेच मिळत नव्हतं. २०१५ पासून कंपन्यांनी ते विकायला सुरुवात केली. म्हणून आजही हे दोन वेगवेगळे तुकडे आहेत. एक जुना आहे आणि एक नवा, आणि प्रत्येक कंपनीने ते आपापल्या पद्धतीने जोडलेत. काही जण दोन्ही मिळून एकच ‘वॉटर पॅकेज’ देतात. १६ जुलै २०२४ ला पिअर्सनवर पुन्हा सुमारे ९८ मिलिमीटर पडला, टोरांटोतला डॉन व्हॅली पार्कवे हा महामार्ग पाण्याखाली गेला. त्यानंतरच्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या बहुतेक फोनची सुरुवात ‘आमच्याकडे फ्लड झाला’ अशीच होती.

तुमची गाडी इथेच अडकली असावी असा माझा अंदाज आहे. क्लेमच्या फोनवर बसलेला माणूस तुम्ही सांगता ते कारण एका चौकटीत भरतो. तुम्ही ‘पाऊस झाला आणि फ्लड झाला’ म्हणालात की तो ओव्हरलँडची पुरवणी शोधतो, ती दिसत नाही, आणि नाही म्हणून सांगतो. शब्द फिरवून खोटं सांगा असं मी म्हणत नाही, तसं केलंत तर चांगला क्लेमही बुडेल. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा: पाणी फरशीतल्या ड्रेनमधून वर आलं, खिडकीतून किंवा दारातून आलं नाही, भिंती वरून कोरड्या होत्या. कारणाला नाव द्यायचं काम नुकसानीची पाहणी करणाऱ्या कंपनीच्या माणसाचं, म्हणजे अ‍ॅडजस्टरचं आहे.

आता पॉलिसीचं पहिलं पान बाजूला ठेवा आणि डिक्लरेशनचं पान काढा. त्यात पुरवण्यांची यादी असते. ‘सूअर बॅकअप’ असा शब्द आहे का, आणि त्यासमोर रक्कम किती आहे, हे बघा. ही रक्कम बऱ्याचदा सामानाच्या एकूण विम्यापेक्षा खूप कमी असते. सामानाचा विमा ३०,००० डॉलरचा आणि सूअर बॅकअपची मर्यादा १०,००० ची, असं मी नेहमी पाहतो. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतली तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, तेही वेगळं आणि मोठं असू शकतं. इतर नुकसानीला ५०० आणि या प्रकाराला १,००० किंवा २,५०० डॉलर. विद्यार्थ्याचं सामान एकूण ३,००० चं असेल आणि डिडक्टिबल २,५०० चं, तर क्लेम करावा का हा खरा प्रश्न होतो, कारण क्लेमची नोंद पुढची काही वर्षं तुमच्या नावावर राहते आणि हप्त्यावर परिणाम करू शकते. तुमच्या यादीत लॅपटॉप आहे, गादी आहे, त्यामुळे आधी बेरीज करा आणि मग ठरवा.

भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने मिळणार की जुन्या वस्तूच्या आजच्या किमतीने, हेही त्याच पानावर असतं. रिप्लेसमेंट कॉस्ट असेल तर तशीच नवी वस्तू घेण्याचा खर्च मिळतो, पण बहुतेक कंपन्या आधी घसारा वजा करून पैसे देतात आणि तुम्ही वस्तू विकत घेतल्याची पावती दाखवल्यावर उरलेले देतात. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण पहिल्या चेकवरच थांबतात.

एक गुंता आधीच सांगून ठेवतो. ड्रेनमधूनही पाणी आलं आणि त्याच वेळी खिडकीतूनही आलं, तर काय? काही पॉलिसींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की जमिनीवरच्या पाण्यासोबत झालेला सूअर बॅकअप ओव्हरलँडची पुरवणी असल्याशिवाय मान्य होणार नाही. दुसऱ्या काही पॉलिसी दोन्ही नुकसानं वेगळी मोजतात. म्हणूनच मी बेसमेंटच्या भाडेकरूला या दोन पुरवण्यांपैकी एकच घेऊ नका असं सांगतो. बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याला ओव्हरलँडसाठी पैसे घालवायची गरज सहसा नसते, त्याची भीती वरच्या फ्लॅटच्या फुटलेल्या पाइपची. सगळ्यांना एकच पॅकेज विकणाऱ्या ब्रोकरपासून जरा सावध राहा. हे मी स्वतः ब्रोकर असून म्हणतोय.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: ड्रेनमधून आलेल्या पाण्याला सूअर बॅकअपची पुरवणी लागते, बाहेरून जमिनीवरून आलेल्याला ओव्हरलँडची, आणि आतल्या फुटलेल्या पाइपला मूळ पॉलिसी पुरते. तुमच्या प्रकरणात पहिली आहे की नाही यावर सगळं अवलंबून आहे.

पुरवणी आहे असं धरून पुराव्याकडे येऊ. पाणी उतरलं असेल तरी ड्रेनभोवतीचे डाग, कमोडच्या तळाशी बसलेला गाळ, भिंतीवरची पाण्याची रेघ यांचे फोटो काढा. खिडकीची चौकट आणि तिच्याबाहेरचा खड्डा कोरडा आहे याचाही फोटो हवा, कारण पाणी कुठून आलं नाही हे दाखवणारा फोटो कधी कधी जास्त कामाला येतो. घरमालकाने प्लंबर बोलावला असेल तर त्याचा लेखी अहवाल मागा. पाइपमध्ये कॅमेरा घालून पाहिलं असेल तर उत्तमच. ३११ या शहराच्या मदत क्रमांकावर फोन करून बेसमेंटमध्ये सांडपाणी शिरल्याची नोंद करा आणि नोंद क्रमांक जपून ठेवा. मिसिसागात सांडपाण्याच्या वाहिन्या पील रीजन या प्रादेशिक प्रशासनाकडे असतात, शहराकडे नाहीत, त्यामुळे तक्रार योग्य ठिकाणी पोचली का ते विचारा. त्याच रात्री शेजाऱ्यांकडेही ड्रेन उलटले असतील तर ती नोंद तुमच्या बाजूने बोलते.

सामान फेकण्याची घाई करू नका, पण ते घरातही ठेवू नका. सांडपाणी लागलेली गादी, उशा, पुस्तकं वाचवता येत नाहीत, आणि त्यांच्यासोबत झोपणं तब्येतीला घातक आहे. फोटो काढा, लेबल आणि मॉडेल नंबर टिपा, अ‍ॅडजस्टरला ईमेल करून विचारा आणि मग टाका. लॅपटॉपसारख्या महागड्या वस्तू पिशवीत बांधून गॅरेजमध्ये ठेवल्या तर तपासता येतात. पावत्या नसतील तर कार्डाची स्टेटमेंट, ऑनलाइन ऑर्डरचा इतिहास, अगदी खोलीत काढलेले जुने फोटोसुद्धा चालतात. नुकसान आणखी वाढू न देणं ही पॉलिसीतली तुमची जबाबदारी असते, तेव्हा कोरडं सामान उचलून वर ठेवलंत, पंखा आणला, त्याचा खर्चही लिहून ठेवा. आणि प्लग पाण्याखाली असतील तर खोलीत पाऊल टाकू नका.

खोली राहण्याजोगी नसेल आणि नुकसान पॉलिसीत बसत असेल, तर दुसरीकडे राहण्याचा जादा खर्च बहुतेक टेनंट पॉलिसी देतात. जादा म्हणजे नेहमीच्या खर्चाच्या वरचा. मित्राच्या सोफ्यावर फुकट झोपलात तर मिळण्यासारखं काही उरत नाही. हॉटेलात जायचं असेल तर आधी अ‍ॅडजस्टरची लेखी संमती घ्या.

घरमालकाबद्दल. त्याचा विमा इमारतीचा आणि त्याच्या स्वतःच्या वस्तूंचा असतो, भाडेकरूच्या गादीचा नसतो. पण म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. ओंटारिओच्या २००६ च्या रेसिडेन्शियल टेनन्सीज अ‍ॅक्टप्रमाणे घर दुरुस्त आणि राहण्यायोग्य ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि ‘पाण्याच्या नुकसानीला मालक जबाबदार नाही’ असं करारात लिहून घेतलं म्हणून कायद्यातलं हे बंधन सुटत नाही. गालिचा बदलणं, भिंतीचा भिजलेला खालचा भाग कापून नवा बसवणं, बुरशी काढणं हे त्याचं काम. तो टाळत असेल तर लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे टी-६ हा देखभालीच्या तक्रारीचा अर्ज करता येतो आणि भाड्यात सूट मागता येते. त्यासाठी एक वर्षाची मुदत असते. बेसमेंट बेकायदा बांधलेलं असलं तरी भाडेकरूचे हे हक्क राहतात. मात्र स्वयंपाकघर किंवा बाथरूम तुम्ही मालकासोबत वापरत असाल, तर हा कायदा तुम्हाला लागूच होत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे वारंवार निघतं, म्हणून आधी तपासा.

सामानाचे पैसे मात्र मालकाकडून मिळवायचे तर त्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. उदाहरणार्थ, ड्रेन आधीही उलटला होता, तुम्ही लेखी कळवलं होतं आणि त्याने काहीच केलं नाही. आभाळच फाटलं असेल तर ते अवघड. महापालिकेविरुद्धही तसंच, गटार भरून वाहिलं एवढ्याने भागत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतून किंवा वेट वाइप्स कमोडमध्ये टाकून तुम्हीच पाइप तुंबवला असेल, तर मालकाची विमा कंपनी तुमच्याकडे वसुलीला येऊ शकते. अशा वेळी तुमच्या पॉलिसीतलं लायबिलिटी कव्हर, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा भाग, उपयोगी पडतं. खरं सांगायचं तर टेनंट इन्शुरन्स घेण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण लायबिलिटीच आहे, सामान दुसऱ्या नंबरवर.

सरकारी मदतीची आशा ठेवून बसू नका. ओंटारिओची आपत्ती मदत योजना मंत्र्यांनी एखाद्या भागासाठी लागू केली तरच चालते, आणि सूअर बॅकअपचं नुकसान त्यात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांपुरतंच धरलं जातं.

अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांसाठी दोन ओळी: तिकडे साध्या घराच्या आणि भाडेकरूच्या पॉलिसीत फ्लड नसतो. तो बहुतेकदा १९६८ पासून चालू असलेल्या सरकारी फ्लड योजनेतून घेतात, सामानाची मर्यादा १,००,००० डॉलर आणि साधारणपणे ३० दिवसांची प्रतीक्षा. बेसमेंटमधल्या सामानाला त्या योजनेत फारच थोडं मिळतं. सूअर बॅकअप तिकडेही सहसा वेगळ्या पुरवणीनेच येतो.

घरात बॅकवॉटर व्हॉल्व्ह आहे का, हे मालकाला विचारा. वाहिनीतलं पाणी उलटं फिरलं की ही झडप आपोआप बंद होते. मात्र ती बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही. पाऊस जोरात असताना वर कोणी शॉवर घेतला किंवा कपडे धुवायला लावले, तर ते पाणी तुमच्याच ड्रेनमधून वर येईल. झडप असलेल्या घरात हा घोळ मी पाहिलाय, आणि तेव्हा दोष बिचाऱ्या गटाराला जातो. झडप बसवायला टोरांटोत घरमालकांना अनुदान मिळतं, काही विमा कंपन्या हप्त्यात सवलत देतात, तर काही ती असल्याशिवाय सूअर बॅकअप विकतच नाहीत.

कंपनीने पुन्हा नकार दिला तर फोनवर वाद घालू नका. नकार लेखी मागा आणि तो पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली आहे ते लिहून द्यायला सांगा. निम्मे चुकीचे नकार याच टप्प्यावर मागे घेतले जातात, असा माझा अनुभव आहे, कारण कलम शोधायला कोणीतरी पॉलिसी खरोखर उघडून वाचतं. तरीही पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, त्याचं अंतिम पत्र घ्या आणि मग जनरल इन्शुरन्स ओम्बुडसर्व्हिस या विमा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र सेवेकडे. ही सेवा ग्राहकाला मोफत आहे. ब्रोकरने चुकीची पुरवणी विकली असं वाटत असेल, तर ओंटारिओतल्या ब्रोकरांवर देखरेख करणाऱ्या रिबो (RIBO) या संस्थेकडे तक्रार होते. हे सगळं चालू असताना कोर्टात जाण्याची मुदत थांबत नाही. पॉलिसीत ती अनेकदा नुकसानीपासून एक वर्ष अशी लिहिलेली असते, तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवा.

रूममेटच्या लॅपटॉपचं उत्तर सहसा नाही असंच आहे. टेनंट पॉलिसी नाव असलेल्या व्यक्तीला आणि तिच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना धरते. नुसतं भाडं वाटून घेणारा मित्र त्यात येत नाही, जोवर त्याचं नाव पॉलिसीवर लिहिलेलं नाही. काही कंपन्या नाव घालू देतात, पण मग एकाच्या क्लेमची नोंद दोघांच्या नावावर चढते, म्हणून मी रूममेट्सना वेगवेगळ्या पॉलिसी घ्यायला सांगतो. त्याचा लॅपटॉप तुमच्या यादीत तुमचा म्हणून घालू नका. अ‍ॅडजस्टर खरेदीची पावती आणि सीरियल नंबर मागतो, आणि एक खोटी ओळ सापडली की तुमच्या गादीचे पैसेही जातात.